सुटलेला टाका

मैत्रिणींनो, आज डोकं फिरलंय.

बेसाच्या प्रदर्शनात माझ्या गोधड्या एका मैत्रिणीच्या स्टॉलवर होत्या. इतवारीच्या बाजारातून आणलेल्या, कारखान्यातल्या जुन्या शिलाई मशीनवर मी त्या शिवते. सहा थर सहज ओढते ती. फक्त जाड जोडावर एखादा टाका सोडते, तेवढा मी सुईने घालते. मैत्रिणीला हे सगळं माहीत आहे.

मी पोचले, तर नेमका तोच टाका ती गिऱ्हाइकाला दाखवत होती. "पूर्ण हातशिलाई हाये ताई, हे पाहा!"

मग माझ्याकडे वळून, "सांग ना वं, हातानंच शिवली ना?"

'काहून खोटं बोलून राहिली?' ओठावर आलं होतं.

मी 'हो' म्हणून मान हलवली.

घरी येऊन मशीनवर चादर टाकलीय. मैत्रिणीनं दगा दिलाच. पण मशीनला कोणी दिला?