पुस्तकाचं बारसं

माझा थोरला भाऊ पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेला तो लढायला नव्हे, भाजी लावायला. फौजेला वाळवंटात ताजी वांगी हवी होती आणि सरकारला चांदूर बाजारचे आम्ही माळी सापडलो. पुढे दीड वर्ष त्याचं पत्र नाही. वहिनी अबोल झाली. त्याची पोर पाच वर्षांची. तिला रमवायला म्हणून मी, तिची आत्या, दुपारी पुस्तक वाचू लागले. अमरावतीला मामाकडे राहून शिकले तेव्हा बक्षीस मिळालेलं ते पुस्तक. जहाज फुटून ओसाड बेटावर अडकलेल्या माणसाची गोष्ट. समुद्र आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. पूर्णेचा पूर, पण न ओसरणारा, असं सांगून मी वेळ मारून नेली.

वडील मेथीच्या जुड्या बांधता बांधता ऐकायचे आणि त्या माणसाच्या चुका काढायचे. त्यानं पाऊसपाणी न बघता पेरलं म्हणून ते दोन दिवस त्याच्यावर रागावले होते. गोष्टीत बारावं वर्ष उलटलं आणि त्यांनी जुडी खाली ठेवली.

"बारा वर्षं खबर नाही, म्हंजे घरच्यांनी पळसाच्या पानाचा पुतळा करून जाळला असन. मेला तो. आता आला तरी त्याले घरात कोन घेईन?"

मी म्हटलं, ते साहेब लोक, त्यांच्यात असं नसतं. वडील म्हणाले, मरण सगळ्यांत असतं.

पोरीनं भाकर बाजूला सारली. त्याला घरात घेतील की नाही, हे एकच तिनं संध्याकाळपर्यंत लावून धरलं. ती कोणाबद्दल विचारत होती, ते न कळण्याइतके आम्ही खुळे नव्हतो. मला वडिलांचा भयंकर राग आला. तेही वरमले, पण माघार घेतील तर ते वडील कसले. त्यांनी शास्त्रातूनच वाट काढली. असा माणूस परत आला की तो नव्याने जन्मला असं धरायचं, त्याचं बारसं करायचं, मग तो घरचा.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरी त्या बेटावरच्या माणसाच्या जागी पुस्तकाचं बारसं झालं. पाळणा शेजारून आणला. वहिनीनं टोपडं शिवलं. बायका आल्या, घुगऱ्या खाऊन गेल्या. एकीनं तर बाळ बापावर गेलंय म्हणत कानशिलावर बोटं मोडली. नाव ठेवायचा मान आत्याचा. काय ठेवू, म्हणून मी पोरीला विचारलं. तिनं माझ्या कानात तिच्या बापाचं नाव सांगितलं. मी पाळण्यात वाकले आणि टोपड्याशी तोंड नेऊन तेच नाव सांगितलं.

भाऊ त्यानंतर दोन वर्षांनी आला. दाढी वाढलेली, अंगानं निम्मा. वडील दारातच खिळले, बाजूला होईनात, त्यामुळे त्याला आत येता येईना. पोर त्याला ओळखत नव्हती. तिनं नाव विचारलं, त्यानं सांगितलं. मग तिनं आजोबांचं धोतर ओढलं.

"येऊ द्या न आबाजी. याचं बारसं झालं हाय."