पहिल्या संक्रांतीचा हार
साखरेच्या पाकाचा वास आला की मला बेंबळीतली दुष्काळातली ती संक्रांत आठवते. आत्यांच्या नव्या सुनेचा पहिलाच सण होता आणि तिचे हलव्याचे दागिने करायचं काम त्यांनी माझ्या आईवर टाकलं होतं. रेशनची सगळी साखर त्यासाठी ठेवून आम्ही गुळाचा चहा प्यालो. आठ दिवस मायलेकी शेगडीपुढं बसून होतो. परातीतल्या तिळावर चमचाभर पाक टाकायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. दाण्यावर काटा येईस्तोवर आईची बोटं भाजून निघाली. मग दोऱ्याचा फासा घालून एकेक दाणा अडकवत आम्ही हार, बाजूबंद, बांगड्या केल्या. हळदीकुंकवाला बायका कौतुक करायला लागल्या तशा आत्या म्हणाल्या, “सोलापूरहून मागवलेत. इथं कुणाला येतंय असलं?” समोरच बसलेल्या आईनं बोटं पदराखाली घेतली. मला ते बघवलं नाही. तिळगूळ द्यायच्या निमित्तानं मी सुनेच्या मागं गेले, हाराची गाठ सोडली आणि दोरा ओढला. दाणे टपटप खाली सांडले. आत्या आईच्या कानाशी येऊन म्हणाल्या, “बघत काय बसलीस? सुईदोरा घे, लवकर.” आई जागची हलली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मला कुठं येतंय, वन्सं? सोलापूरहून दुसरा मागवा की.” बायका तोंडाला पदर लावून हसल्या. भर बायकांत बावरून उभ्या राहिलेल्या त्या सुनेचं मला आजही वाईट वाटतं. आत्यांचं कधीच वाटलं नाही.