दुसरी खेप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. वंदनालाही नाही — आणि कविता तर तिची होती.

मला याद्या करायची सवय आहे. किराणा, लग्नं, बदलीचं सामान — काहीही विचारा, वही निघते. कॉलेजातली वहीसुद्धा आहे. तिच्यात एका पानावर 'शॉर्टफिल्म' असं लिहिलंय, खाली बारा ओळी, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. मग बिनसलंय कुठं? सातव्या ओळीत. 'पाणी — तीन घागरी.'

आम्ही परळीला शिकत होतो. फिल्म आमच्यातल्या वंदनाच्या कवितेवर होती; तिच्यात टँकरवरून परतणाऱ्या बाईची भरलेली घागर सांडते. लग्नांचं शूटिंग करणाऱ्याकडून एका दिवसासाठी कॅमेरा मिळाला. सिरसाळ्याच्या पुढच्या एका गावात त्या दिवशी साखर कारखान्याचा टँकर येणार होता. खेपांचा तक्ता मी आधीच गावच्या विकास सोसायटीच्या कचेरीतून उतरवून घेतला होता — घरटी तीन घागरी, पुढची खेप तिसऱ्या दिवशी.

म्हणजे मला माहीत होतं.

रांगेतल्या चंद्रकलाबाई कॅमेऱ्यासमोर आपली घागर सांडायला तयार झाल्या. बायका हसल्या, "हिरोईन झालीस की गं!" पहिली घागर सांडली, पण त्या कॅमेऱ्याकडे बघून हसल्या. ओली जमीन दिसू नये म्हणून आम्ही पुढं सरकलो. दुसरी सांडताना मधे कुत्रं आलं. तिसरी त्या उचलेनात.

"ताई, मंग घरी काय नेऊ? आज दुसरी खेप हाय का?"

"हाय," मी म्हणाले. त्यांच्याच बोलीत — विश्वास बसावा म्हणून.

विचार करायला वेळ नव्हता का? होता. आमच्या जीपमध्ये पिण्याच्या पाण्याचा कॅन होता. यादीत तोही होता. तो द्यावा, हे सुचलं नाही का? सुचलं होतं. तो अर्धा भरलेला परत आला.

तिसरी घागर हवी तशी सांडली.

सामान भरून निघालो, तेव्हा त्या रस्त्याकडेला बसल्या होत्या. दुसऱ्या खेपेला आपला नंबर पहिला लागावा म्हणून तिन्ही रिकाम्या घागरी ओळीनं मांडलेल्या, नजर रस्त्यावर. कॅमेरा धरणाऱ्या मित्रानं जीपमधूनच ते टिपलं. मी उतरले नाही. चला, उशीर होतोय, एवढंच म्हणाले.

फिल्मचा शेवट तोच ठेवला. आम्हाला बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, त्या बाईंनी वाट बघण्याचा काय अभिनय केलाय!

त्या माझ्या टँकरची वाट बघत होत्या. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या, तेव्हा मीही वाजवल्या.