गाडी येईपर्यंत बोलणाऱ्या बाई

आमच्या गावच्या अंगणवाडीच्या बाई लेकराच्या दोन्ही बगलांत हात घालून त्याला उचलायच्या, एकदा वर आणि एकदा खाली झुलवायच्या आणि वजन सांगायच्या. "नऊ किलो सातशे." मग दाराच्या चौकटीला टांगलेल्या काट्याला झोळी अडकवून त्यात लेकरू बसवायच्या. काटा नऊ किलो साडेसातशे दाखवायचा. "झोळी वल्ली असंल," असं म्हणून बाई हसायच्या. रजिस्टरात मात्र काट्याचाच आकडा लिहायच्या. "माझ्या हाताला शासन विचारत न्हाई, माय."

गाव जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीपासून सहा-सात किलोमीटर आत. बाईंचे यजमान पिठाची गिरणी चालवायचे. "आमच्या घरात दोघं बी वजनच करतो. ते दाण्याचं, मी लेकरांचं," असं बाई पाहुण्यांना सांगायच्या. एकदा कडेवर घेतलेलं लेकरू त्या विसरत नसत. मी बी.ए. झाले तेव्हा पेढे द्यायला गेले होते. पेढा हातात धरून त्या म्हणाल्या, "दोन किलो तीनशेची आल्ती तू. कोणाला वाटलं न्हाई जगशील म्हणून." आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. बाईंना मात्र त्या पदवीपेक्षा माझं जगणंच मोठं वाटत होतं.

गावात ग्राम बाल संरक्षण समिती होती. तिच्यात सरपंच, पोलीस पाटील, मुख्याध्यापक, ग्रामसेवक, आशाताई सगळे होते आणि बाई सचिव. बैठक बोलावली की कुणाचं शेताला पाणी चालू असायचं, कुणी बाजाराला गेलेलं. मग बाईच रजिस्टर बगलेत मारून घरोघर फिरायच्या. पोलीस पाटील एकदा म्हशीची धार काढत होते. "ठेवा तिथं, करतो सही," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "सही मंग करा. आधी सांगा, तुमच्या आळीत कोणाच्या पोरीला पाहुणे पाहून गेले?" पाटील म्हणाले, "बाई, तुम्ही सही घ्यायला येता का जबाब घ्यायला?" बाई बादली भरेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. उठल्या तेव्हा सहीही मिळाली होती आणि नावही.

नाव कळलं की त्या फोन करायच्या. मग ग्रामसेवक, पोलीस, जालन्याच्या बाल संरक्षण कार्यालयाची माणसं अशी गाडी यायची. पण गाडी यायला दोन-तीन तास लागायचे आणि लग्न लागायला अर्धा तास पुरतो. तो मधला वेळ बाईंचा. "पोलिसाचं काम पोलीस करतील, साहेबाचं साहेब," त्या म्हणायच्या. "आपलं काम गाडी येईपर्यंत बोलत राह्यचं."

हे त्यांचं काम मी स्वतःच्या अंगाला हळद लागलेली असताना पाहिलं. मी नववीत होते. मुलगा आत्याच्या नात्यातला होता. मांडवही घातला नव्हता, अंगणात साडी बांधून आडोसा केला होता. बाई उभं राहायचा वजनकाटा घेऊन आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "भाऊ, पोरीचं वजन लिहायचं राह्यलंय. वरून विचारून राह्यले." वडिलांना नाही म्हणता येईना. बाईंनी मला काट्यावर उभं केलं. मग म्हणाल्या, काटा बराबर दाखवत नाही, खाली फरशी पाहिजे. फरशी आणली. पुन्हा उभं केलं. मग उंची. मग चहा मागितला. चहा आला तर म्हणाल्या, साखर कमी करा, मला शुगर आहे. दुसरा चहा येईपर्यंत माझ्या आईच्या बाळंतपणाची कथा सुरू झाली.

आत्या वैतागली. "बाई, मुहूर्त चाललाय. तुम्हाला वजन करायचं हाय का आमचं लगीन मोडायचं?"

"लगीन काय पळून चाल्लंय का?" बाई म्हणाल्या. "आन् पळून चाल्लं असंल तर आधी सांगा, मी आडवी बसते दारात."

सगळे हसले. मी पण हसले. आणि त्या हसण्यातच बाहेर गाडीचा आवाज आला.

वडिलांनी सर्वांसमोर हमीपत्र लिहून दिलं, पोरीला अठरा पूर्ण झाल्याशिवाय उजवणार नाही. त्यानंतर दोन वर्षं ते बाईंशी बोलले नाहीत. बाई रस्त्यात भेटल्या तर ते मान फिरवायचे आणि बाई मुद्दाम मोठ्यानं "राम राम भाऊ" म्हणायच्या. मी दहावी पास झाले त्या वर्षी वडिलांनी पहिल्या तोडीची मोसंबी टोपलीत भरून त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवली. "गोड हायेत का पाहा," एवढंच म्हणाले. बाईंनी टोपली उचलून पाहिली. "साडेचार किलो," त्या म्हणाल्या.

आता मंजूबद्दल लिहायला हवं. इतका वेळ मी तेच टाळत होते.

आमच्या पिढीच्या निम्म्याहून जास्त पोरांची जन्मतारीख एक जून आहे. माझीही. जन्माची नोंद नसली की गुरुजी वय मोजून एक जून टाकायचे, म्हणजे शाळा उघडताना सहा वर्षं पूर्ण. आमच्या कार्यालयात त्या दिवशी चारजणांचा मिळून एकच केक कापतात. सगळ्यांना त्याचं हसू येतं. बाईंसमोर तो विषय काढायची मला पुढे भीती वाटू लागली.

मंजूचे आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. मंजू जन्मलीही तिकडेच, उसाच्या फडावर, डिसेंबरात. तिची नोंद कुठल्याच ग्रामपंचायतीत नाही. आई तिला घेऊन गावात परतली तेव्हा बाईंनी रजिस्टरात लिहून घेतली तेवढीच. साडेचार वर्षांची मंजू धाकट्या भावाला कडेवर घेऊन फडात फिरायची. एकदा उसाच्या गाडीचं चाक दोघांच्या अगदी अंगाला घासून गेलं. बाईंनी ते ऐकलं आणि ठरवलं की ही पोर पुन्हा फडावर जाणार नाही. शाळेत ऊसतोडीच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह होतं. पण तिथं पहिलीत नाव असलेल्यांनाच घेत. बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. "सर, सहा पूर्ण लिहा. मी सांगते न. पोर हुशार हाय, निभावंल." सरांनी एक जून लिहिली, दीड वर्ष आधीची. त्या काळी हे कुणाला खोटं वाटत नसे. लेकराला शाळेत बसवायची ती एक रीत होती.

मंजू निभावली. वयानं दीड वर्ष लहान असूनही वर्गात पुढं. तिला नर्स व्हायचं होतं. सुट्टीत ती अंगणवाडीत येऊन बाईंची रजिस्टरं आखून द्यायची. बाई तिला हातानं वजन ओळखायला शिकवत होत्या. ती उचलायची आणि सांगायची, "अकरा किलो." बाई म्हणायच्या, "दोनशे ग्राम खाल्ले तू."

एव्हाना मी समाजकार्याचं शिक्षण संपवून त्याच बाल संरक्षण कार्यालयात लागले होते. जालन्यातच, मस्तगडला खोली घेऊन राहत होते. जूनमध्ये, मंजूच्या बारावीच्या निकालानंतर, एका सकाळी बाईंचा फोन आला. "वर्षा, मंजूचं लगीन लावून राह्यले. आजच. गाडी घेऊन ये जल्दी. मी बोलून राह्यले इथं."

आम्ही वेळेत पोहोचलो. इतक्या वेळेत आम्ही कधीच पोहोचलो नव्हतो. बाई अंगणात काट्याशेजारी बसून मंजूच्या आईशी बोलत होत्या. मला पाहून त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि गप्प झाल्या. त्यांचं काम झालं होतं.

मंजूच्या वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीतून शाळेचा दाखला आणि आधार काढून आमच्या कार्यालयातल्या मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी वाचून माझ्याकडे दिला. एक जून. अठरा पूर्ण होऊन आठ दिवस झाले होते.

"मॅडम, मी कायदा पाळून राह्यलो," मंजूचे वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात उद्धटपणा बिलकुल नव्हता. "पाहुणे फेब्रुवारीतच म्हणत होते. मी म्हनलं, न्हाई. एक जून उलटू द्या. बाईच सांगत आल्या न आम्हाला, अठरा पूर्ण होऊ द्या म्हणून?"

बाई उठून घरी गेल्या आणि ट्रंकेतलं जुनं रजिस्टर घेऊन आल्या. पानं कडेनं खाल्लेली होती. मंजूच्या आईची गरोदरपणाची नोंद, मंजू गावात आली तो दिवस, वजन, सगळं बाईंच्या अक्षरात. मॅडमनी ते नीट वाचलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, शाळेचा दाखला असताना हा कागद टिकत नाही."

"तो दाखला खोटा हाय. मीच लिहायला लावल्ता. माझा जबाब घ्या."

"तुमची नोकरी जाईल."

"जाऊ द्या. जाऊ द्या, मॅडम, पण आज थांबवा."

मॅडमनी दोन फोन केले. मुख्याध्यापक वारले होते. चौकशी होऊ शकत होती, पण ती अर्जानं, काही आठवड्यांनी. हवालदार घड्याळ पाहत होता. शेवटचा उपाय म्हणून मॅडमनी मंजूला बाजूला घेतलं, मी शेजारी होते. "तुझ्या मनाविरुद्ध असेल तर एवढं म्हण. मी तुला आत्ता गाडीत बसवते." मंजूनं वडिलांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "न्हाई. चाललंय बराबर," ती म्हणाली. मी तिला पुन्हा विचारायला हवं होतं, एकटीला, दार लावून. मी विचारलं नाही. दाखला माझ्या हातात होता आणि मी त्याची घडी घालत होते.

आम्ही गाडीत बसलो. मागच्या काचेतून मला दिसलं, बाई पुन्हा काट्याशेजारी बसल्या होत्या आणि बोलत होत्या. काटा बराबर नाही, खाली फरशी द्या, असंच काहीतरी असावं. ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. आता कुठलीच गाडी येणार नव्हती, तरी त्या बोलत होत्या.

त्या वर्षी दिवाळीनंतर मंजू नवऱ्याबरोबर फडावर गेली. ज्या फडातून बाईंनी तिला साडेचाराव्या वर्षी बाहेर काढलं होतं, तसल्याच फडावर. पुढच्या हंगामाला गेली तेव्हा पोटुशी होती. नोव्हेंबरात तिकडेच, दवाखान्यात नेताना, ती आणि बाळ दोघंही गेली. कागदावर ती साडेएकोणीसची होती. बाईंच्या रजिस्टरात अठराला एक महिना कमी.

मी गावी गेले तेव्हा बाई अंगणवाडीतच होत्या. शनिवार होता, वजनाचा दिवस. बाया लेकरं घेऊन रांगेत होत्या. बाई प्रत्येक लेकरू आईच्याच हातून झोळीत बसवून घेत होत्या, स्वतः उचलत नव्हत्या. एका म्हातारीनं चेष्टा केली, "बाई, आज अंदाज न्हाई का सांगायचा?" बाई काट्याकडेच पाहत म्हणाल्या, "काटा सांगतो की."

नंतर त्या मला म्हणाल्या, "मी तिला गाडीच्या चाकाखालून काढलं आन् दीड वर्ष चोरलं तिचं. तेच नेमकं कमी पडलं बघ." मी म्हणाले, तुम्ही नसता तर ती शिकलीच नसती. बाई म्हणाल्या, "शिकलेली गेली."

पुढं बाई निवृत्त झाल्या. यजमान गेले, गिरणी बंद पडली. बाईंना जाऊन आता आठ महिने होतील. मी अजून त्याच कार्यालयात आहे. खेड्यातून फोन आला की पलीकडच्या सेविकेला सांगते, आम्ही निघालो, तुम्ही बोलत राहा. आणि दाखल्यावर एक जून दिसली की मी त्याची घडी घालत नाही. पोरीला वेगळ्या खोलीत नेते, दार लावते आणि दोनदा, तीनदा विचारते.

शेवटची भेट झाली तेव्हा माझी मुलगी अकरा महिन्यांची होती. बाई ओट्यावर बसल्या होत्या. मी पोरीला त्यांच्या मांडीवर दिलं. थोड्या वेळानं सवयीनं त्यांचे हात तिच्या बगलांत गेले. त्यांनी तिला एकदा वर आणि एकदा खाली झुलवलं. त्यांचे ओठ हलले. मी वाट पाहत होते. इतक्या वर्षांनी तो आकडा ऐकायला मी आसुसले होते.

बाईंनी आकडा सांगितला नाही. पोरीला छातीशी धरून त्यांनी मला विचारलं, "हिची तारीख खरी लिव्हली न, माय?"