अंगठा ऐकणाऱ्याचा

उजव्या हाताने रांजणावरचे झाकण सरकवायचे, डाव्या हातातले पितळी भांडे आत बुडवायचे आणि ते वर काढता काढता माझ्याकडे न पाहताच अक्कांनी विचारायचे, "मंग?" वाचकहो, या एका शब्दाने माझ्या लेखणीला जेवढे कापरे भरवले, तेवढे कोणा साहेबाच्या शेऱ्याने भरवले नाही.

भडगावच्या तहसील कचेरीबाहेर कडुनिंबाखाली माझे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंत, परंतु "सबब", "उपरोक्त" आणि "कृपावंत होऊन" हे शब्द कोठे बसवावेत हे पदवीधरांनी माझ्याकडून शिकावे, असे मी आजही नम्रपणे म्हणतो. माझ्या टेबलापासून चार हातांवर पाणपोई होती आणि ती अक्का चालवीत. त्यांचे नाव मी कधी विचारले नाही, कारण त्यांना स्वतःसाठी कधी अर्ज करावा लागला नाही.

आमच्या धंद्याचा एक रिवाज आहे. अर्ज लिहून झाला की तो अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवायचा. "सदर मजकूर मला वाचून दाखविला, तो मला समजला व बरोबर आहे" असे खाली लिहायचे आणि मगच सही किंवा अंगठा घ्यायचा. या रिवाजामुळे, एक अक्षरही न ओळखणाऱ्या अक्कांच्या कानांवरून माझे सारे लिखाण गेले होते. माझा दुसरा कोणताही वाचक एवढा जुना नव्हता.

एकदा गिरणा नदीकाठच्या एका गावची बाई आली. भावांनी सातबाऱ्यावरून तिचे नाव वगळले होते. मी असा अर्ज लिहिला की वाचताना माझाच आवाज चढला. अंगठा देऊन बाई निघून गेली. अक्कांनी भांडे पालथे घातले.

"भाऊ, तिले जमीन नको शे."

"अक्का, अर्जात स्पष्ट लिहिले आहे, हिस्सा मिळावा म्हणून."

"तू लिखं ते मी आयकं. तिले त्या कागदवर भाऊस्ना जोडे नाव पाहिजे."

भावांशेजारी नुसते नाव? मी हसलो. पुढे भावांनी निमूटपणे नाव लावले, आणि दोनच महिन्यांत तीच बाई हिस्सा सोडण्याचा कागद करायला माझ्याच टेबलाशी आली. सोबत तिघे भाऊ होते. बाईच्या अंगावर नवे लुगडे होते. अक्कांनी चौघांनाही पाणी दिले आणि माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. हा त्यांचा मोठेपणा मला त्या वेळी कळला नाही.

आता माझ्या साहित्याविषयी. मी एक कथा लिहिली आहे. "न्याय" हे तिचे नाव. ती एका स्थानिक दिवाळी अंकात छापून आली. दोन भाऊ, धाकटा लोभी, बांध फोडणारा आणि भांडून घर सोडणारा, थोरला सरळमार्गी, कायद्याने लढणारा आणि शेवटी जिंकणारा. कथेचा हेतू मी लपवीत नाही. माझा धाकटा भाऊ दोंडाईच्याला मिरचीच्या बाजारात मापाडी आहे. वडिलांच्या पश्चात वाटणीपत्र मी लिहिले, तेव्हा "दादा, तू तुझ्या सोयीचं लिहिलं" असे पंचांदेखत म्हणून तो सही न करता उठून गेला होता. त्याला नऊ वर्षे झाली होती. एवढ्या वर्षांत ना पत्र, ना फोन. त्याने ही कथा वाचावी आणि त्याची मान खाली जावी, म्हणून मी ती लिहिली. अंकाची एक प्रत त्याच्यासाठी पाकिटात घालून ठेवली होती.

टपालात टाकण्यापूर्वी ती बाहेर काढून मी अक्कांना वाचून दाखवली. दुपारची वेळ होती, कचेरीत जेवणाची सुट्टी होती. शेवटचे वाक्य वाचून मी थांबलो.

"मंग?"

"मग काय? न्याय झाला. कथा संपली."

"त्या चपला खुटीवर कोनी टांग्यात?"

मला प्रथम आठवेना. मग आठवले. संपादकांनी पान भरत नाही म्हणून दोन ओळी वाढवायला सांगितल्या होत्या. तेव्हा मी लिहिले होते की धाकटा रागाने अनवाणी निघून गेला आणि त्याच्या चपला शेतातल्या खोपीत खुंटीवर लटकत राहिल्या.

"थोरल्याने टांगल्या असतील. पान भरायला लिहिले ते, अक्का. त्यात काही नाही."

"रागे भरेल मानूस चपला फेकी देस. टांगी ठेवत नही." त्या रांजणाला टेकून बसल्या. "तुना मोठा भाऊ कोर्टात जितना, पन वाट दखी ऱ्हायना."

"तो कसली वाट बघतोय? अक्का, कथा मी लिहिली आहे. तिचा अर्थ काय ते मला ठाऊक."

"अर्ज बी तूच लिखस ना? मंग अंगठा काब्र त्यास्ना लेस?"

"कारण अर्ज त्यांचा असतो. ऐकून, समजून ते अंगठा देतात."

"मंग गोष्ट कोनी शे?"

वाचकहो, मी पुष्कळ वकिलांना उत्तरे दिली आहेत. त्या दुपारी मी शाईचे पॅड उगाच उघडले आणि मिटले.

"दे ती शाई," अक्का म्हणाल्या. मी थट्टा समजून पॅड पुढे केले. त्यांनी ओला हात पदराला पुसला, अंगठा टेकवला आणि कथेच्या अखेरीस, नेमका माझ्या छापील नावावर, उमटवला. "समजनी माले. बरोबर शे."

प्रत खराब झाली म्हणून मी रागावलो. पण दुसरी प्रत नव्हती. तीच पाकिटात घालून टपालात टाकली.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी माळ्यावर हात घातला. पोत्यामागच्या खिळ्याला चपला होत्या. पंचांसमोरून उठलेला माझा भाऊ अनवाणीच गेला होता. बायको चपला बाहेर टाकीत होती तेव्हा "राहू दे, पुरावा आहे" असे मी म्हणालो होतो. कशाचा पुरावा, हे मी नऊ वर्षांत स्वतःलाही विचारले नव्हते. ज्या बाईने माझे घर कधी पाहिले नाही, तिने ते रांजणापाशी बसून पाहिले होते.

वैशाखात अक्का दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या गेल्याचे कळले. रांजण तसाच कोरडा पडून राहिला.

आषाढात एक माणूस टेबलापुढच्या स्टुलावर येऊन बसला. केस पांढरे झाले होते. अंगाला मिरचीचा वास होता. त्याने पिशवीतून अंक काढला आणि शेवटचे पान उघडून माझ्यापुढे ठेवले.

"दादा, मन्या चपला अजून शेतस?"

त्याच्या चपला अजून होत्या. या टेबलावर बसून मी कधी घरची बोली बोललो नव्हतो. "शेतस," मी म्हणालो.

"आन हाऊ अंगठा कोना शे?"

मी रांजणाकडे बोट करून अक्कांचे सांगितले. तो तिकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "ते वाटणीपत्र शे का? त्या दिवशी तू माले वाची दखाडं नही."

खरे होते. परक्यांना अक्षर न् अक्षर वाचून दाखवणारा मी, घरच्या माणसाला काय वाचून दाखवायचे म्हणून थेट सहीच मागितली होती. कागद माझ्या पत्र्याच्या पेटीत तळाशी होता. मी तो काढला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला. दोन ठिकाणी माझा आवाज उतरला. त्या ओळी खरोखरच माझ्या सोयीच्या होत्या.

वाचून संपले तेव्हा सवयीने मी थांबलो आणि रांजणाकडे पाहिले. अक्कांना कधीही न पाहिलेला माझा भाऊही तिकडेच पाहत होता.