चौदा वेळा सहमत

आमच्या चष्म्याच्या दुकानात बोलायचं काम माझं आणि काचा घासायचं काम माझ्या धाकट्या दिराचं. बावीस वर्षं हीच वाटणी. गिऱ्हाइकाने आत डोकावून चष्मा झाला का विचारलं की भावजी मान हलवतात; ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते मी सांगायचं. मी त्यांना मौनीबाबा म्हणते. त्यावरही गप्प. मग चिडवण्यात काय राम?

असा हा माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी विद्यापीठाच्या ऑनलाइन पदवीला बसला. बाकीचे विषय सुटले, पण प्रकाशशास्त्र दोनदा गेलं. दिवसभर हातात भिंगं आणि नापास भिंगांतच! तिसऱ्यांदा गेलं की नाव रद्द. जाऊबाई रडकुंडीला आली. पाठ तर घडाघडा म्हणून दाखवतात, मग अडतं कुठे, तुम्हीच बघा म्हणाली.

मला काय, नाक खुपसायला निमित्तच हवं असतं. बघितलं तर दर आठवड्याला शिकवणाऱ्या मॅडम वर्गाच्या ऑनलाइन पानावर एक प्रश्न टाकायच्या, मुलांनी त्यावर लिहायचं, एकमेकांशी वाद घालायचा. त्याला मार्क होते. आमच्या मौनीबाबांनी चौदा वेळा एकच शब्द लिहिलेला: सहमत. दोघंजण एकमेकांच्या अगदी विरुद्ध भांडत होते, हे दोघांशीही सहमत.

"अनोळखी माणसाला चारचौघांत चूक कसं म्हणायचं, वहिनी?" म्हणाले.

खाली मॅडमनी लिहिलं होतं, तुमचं सहमत चौदा वेळा वाचलं, आता तुम्ही दुकानात काय करता ते सांगा.

जेवणाच्या सुट्टीत भावजींनी चष्म्याच्या पाकिटामागे मजकूर लिहिला आणि एका बोटाने टाइप केला. नंबर प्लसचा की मायनसचा, हे मशीनशिवाय कसं ओळखायचं ते. भिंतीवरच्या आडव्या रेघेसमोर काच धरायची, हळूच वर सरकवायची. काचेतली रेघ काचेबरोबर वर गेली तर मायनस, उलटी खाली आली तर प्लस.

वर्गात एक नर्स होती, कुठल्या गावची कोण जाणे. तिने विचारलं, असं का होतं?

भावजी खुर्चीत मागे टेकले. हजारो काचा सरकवल्या असतील या माणसाने, पण का हे कुणी विचारलंच नव्हतं. पुस्तकातलं सूत्र पाठ होतं, पण ते या रेघेला कुठे लावायचं? शेवटी त्यांनी लिहिलं, मला माहीत नाही. एवढं लिहायला त्यांना 'सहमत'पेक्षा चौदापट वेळ लागला.

मग जुंपली. नर्स म्हणाली, दोन्ही काचांत फरक काय? भावजी म्हणाले, प्लस मधे जाड, मायनस कडेला जाड. तिने विचारलं, मग काच वर नेली की आपण तिच्या कुठल्या भागातून बघतो? हे ताडकन उठले, भिंतीशी गेले, काच वर सरकवली. खालच्या भागातून! तिसऱ्या दिवशी उत्तर गेलं: रेघ नेहमी काचेच्या पातळ बाजूला पळते. ते सगळं सूत्र एवढंच म्हणत होतं. नर्सने लिहिलं, आत्ता मलाही कळलं.

तोंडी परीक्षा दुकानातच झाली, लॅपटॉपवर. मी पडद्याआड, अर्थातच. परीक्षकांनी विचारलं, मायनसची काच पाण्यात बुडवून सरकवली तर? हे पुस्तकात नव्हतं. जाऊबाईने माझा हात एवढा आवळला की बांगडी रुतली.

"माहीत नाही," भावजी म्हणाले. "पण एक विचारू? काच आणि हवा यांत जेवढा फरक, त्याहून काच आणि पाण्यात कमी ना?"

परीक्षक हो म्हणाले.

"मग रेघ त्याच बाजूला जाईल. पण थोडीशीच."

कॅमेरा बंद होताच ते काचा धुवायच्या ट्रेकडे धावले. तळाशी रेघ ओढलेला कागद ठेवला, वर पाणी, पाण्यात काच. मग बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला हाक मारून आत बोलावलं. "वहिनी, या, बघा."

मी वाकले. काच सरकली आणि पाण्यातली ती बारीक रेघ तिच्याबरोबर इवलीशी हलली, जशी त्यांनी न बघता सांगितली होती तशीच. मग मीच काच धरून पुन्हा सरकवून बघितली.

ते पास झाले हे पंधरा दिवसांनी कळलं. आता गिऱ्हाइकाला ते काच कशी काम करते ते समजावत बसतात, आणि खोळंबलेल्या रांगेकडे बघून मान मी हलवते.