पगारी चोर

शिवदास वाकळे चोवीस वर्षं चोरी करत होते, तीही पगार घेऊन. अंधेरीची त्यांची कंपनी चोर पकडणारे अलार्म बसवायची. बसवलेला अलार्म वाजतो का, हे बघायला कुणीतरी चोरासारखं आत शिरावं लागे. इंजिनिअर मंडळींना कपडे मळवायचे नसत. म्हणून शिवदास.

सुरुवातीला दाराला चुंबक असे. दार उघडलं की बोंब. मग अंगाची ऊब ओळखणारे सेन्सर आले. ते मांजरालाही चोर समजत, आणि शिवदास रांगत गेले की नेमके गप्प बसत. आता स्वतः शिकणारा कॅमेरा आला होता.

"काका, ही सिस्टिम पास झाली ना, की तुमचं काँट्रॅक्ट अठ्ठावन्नपर्यंत पक्कं," इंजिनिअर प्रांजल म्हणाली. शिवदास चोपन्नचे होते. गुडघे त्याहून मोठे.

घाटकोपरच्या औषधांच्या गोदामात कॅमेरा महिनाभर शिकला. रोज दिसतं ते नेहमीचं, वेगळं दिसलं की बोंब मारायची, एवढंच त्याला सांगितलेलं. शिवदास मेहनती माणूस. चाचणीत चूक नको, म्हणून रोज रात्री अकराला तिथेच भिंतीलगत सरपटून तालीम करायचे. कॅमेरा शिकत असताना त्याच्यासमोर चोरी करायची नसते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. इतक्या जुन्या माणसाला काय सांगायचं?

चाचणीला गोदामाचे मालक हर्षदशेठ खुर्ची टाकून बसले. बरोबर अकराला शिवदास सरपटत खोक्यांपर्यंत गेले, एक उचललं आणि उभे राहिले.

काहीच वाजलं नाही.

"झकास," हर्षदशेठ म्हणाले. "आता चोराला चहा पण पाजा."

प्रांजलने लॅपटॉप उघडला. मशीनच्या लेखी, अकरा वाजता सरपटणारा माणूस ही या गोदामाची रीतच होती.

"काका, तुम्ही रोज यायचात इथे?"

"मग? प्रॅक्टिस नको का गं?"

"वाट लागली," ती म्हणाली.

कॅमेऱ्याचं शिकलेलं सगळं पुसलं. या खेपेला चाचणीसाठी चोर कॉम्प्युटरनेच बनवले. नऊशे, सगळे धडधाकट. सिस्टिम पास झाली. शिवदासांचं काँट्रॅक्ट महिनाअखेरीस संपलं, ते कुणी वाढवलं नाही.

सध्या ते गोवंडीला घरी असतात. वॉचमनच्या कामासाठी तीन सोसायट्यांत जाऊन आले. दोन ठिकाणी वय विचारलं. तिसरीकडे नवे कॅमेरे बसले होते.

"काय म्हणाले?" बायकोने, सोनूबाईने विचारलं.

"कळवतो म्हणाले."

आता ती विचारत नाही.